पेलाभर रस

उन्हाळा लागला की तुळजापूरच्या वाटेवर रसवंत्या उभ्या राहतात. चरकाला घुंगरू बांधलेले असते. ते वाजले की चालणाऱ्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. ऊस चरकात जातो, मधे आल्याचा तुकडा आणि लिंबू जाते, आणि फेसाळ रस पेल्यात पडतो. तहानलेल्या माणसाला त्या वेळी तो अमृतासारखा वाटतो.

परंतु हा धडा चरकावरच्या रसाचा नाही. घरी पिळलेल्या रसाचा आहे. आता गावोगाव वीज आली, घरोघर मिक्सर आले. मोबाईलवर रोज कोणी ना कोणी सांगते, सकाळी उठून हा रस प्या, तो रस प्या, सगळे रोग पळतील. आपणही ऐकतो आणि पितो. रसाने खरोखर काय होते आणि काय होत नाही, ते आज पाहू. मी डॉक्टर नाही. जन्मभर शाळेत मुलांना शिकवले. पण या रसापायी आमच्या घरात एक गोष्ट घडली, म्हणून मी हे सगळे विचारून, वाचून घेतले. ती गोष्ट पुढे सांगतो.

आधी रसाचा चांगुलपणा सांगू.

जुन्या काळी जहाजे महिनोन् महिने समुद्रावर असत. खलाशांना खायला वाळलेली बिस्किटे आणि खारवलेले मांस. हिरवे काही नाही, ताजे काही नाही. मग त्यांच्या हिरड्या सुजत, रक्त येई, दात हलत, जुन्या जखमा उकलत आणि माणसे मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. लढाईत मेले नाहीत इतके खलाशी या रोगाने मेले.

१७४७ साली सॅलिसबरी नावाच्या इंग्रज जहाजावर जेम्स लिंड नावाचा डॉक्टर होता. त्याने काय केले, तर बारा आजारी खलाशी निवडले. त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. सर्वांचे जेवण एकच ठेवले. पण औषध मात्र प्रत्येक जोडीला वेगळे. एका जोडीला व्हिनेगर म्हणजे शिरका. एकीला चक्क समुद्राचे पाणी! आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत जहाजावरची फळे संपली. पण तेवढ्यात फळे खाणाऱ्यांपैकी एक जण कामाला लागला होता, आणि दुसरा इतका सुधारला होता की बाकीच्या आजाऱ्यांची सेवा त्याच्याकडे सोपवली. इतर जोड्यांत असा गुण कोणालाच आला नाही.

इतके स्पष्ट दिसूनही सरकारी काम ते सरकारी काम. इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस नेमाने द्यायला १७९५ साल उजाडले. मधे अठ्ठेचाळीस वर्षे गेली.

यात एक गंमत आहे, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रस जहाजावर टिकावा म्हणून लिंडनेच तो तापवून, आटवून बाटलीत भरण्याची युक्ती सांगितली. रस टिकला, पण त्यातला गुण गेला. कारण लिंबात जे 'क' जीवनसत्त्व असते ते फार नाजूक. आचेने जाते, उघड्यावर ठेवल्याने कमी होते, तांब्याच्या भांड्याने तर लवकरच नासते. म्हणून रस ताजा पिळावा आणि लगेच प्यावा, असे सांगतात.

पुढे हंगेरी देशातल्या सेंट-ग्यॉर्गी नावाच्या शास्त्रज्ञाने हे जीवनसत्त्व वेगळे काढले. त्याला ते भरपूर कशात सापडले? मिरचीत. १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या हिरव्या मिरचीतही ते आहे. त्यावरून कोणी पेलाभर ठेचा पिऊ नये!

आता आपल्या बांधाकडे पाहा. आपला मुलूख पाण्याला तुटका. तरी लिंबोणी आहे, पेरू आहे, आवळा आहे. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ आपोआप येते. पाणी असेल तिथे द्राक्ष, डाळिंब, मोसंबी आहे. परसात शेवगा आहे, टोमॅटो आहे. बाजारात सफरचंद महाग असते, आणि महाग म्हणून ते गुणाचे असे आपण समजतो. पण 'क' जीवनसत्त्व सफरचंदात थोडे. आवळ्यात आणि पेरूत त्याच्या कितीतरी पट. एक मध्यम पेरू खाल्ला तर मोठ्या माणसाची त्या दिवसाची गरज भागते. आणि पेरूला मिक्सर लागत नाही, विळीसुद्धा लागत नाही.

बायाबापड्यांनी पुढचे नीट वाचावे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर पाहणी केली, तीत हे दिसले. चक्कर येते, दम लागतो, शेतातून आल्यावर उठवत नाही, हे सारे आपण 'कामाचा शीण' म्हणून सोडून देतो. रक्ताला लोह लागते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत, डाळीत, पालेभाजीत लोह आहे. पण ते अंगात पुरते उतरत नाही. त्याच जेवणात लिंबू पिळले तर ते अधिक उतरते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी उतरते. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, त्याही चहाबरोबर घेऊ नयेत. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात. रसाचा याहून स्वस्त आणि याहून मोठा उपयोग मला तरी ठाऊक नाही. अर्धे लिंबू, एवढीच त्याची किंमत. मात्र रक्त फारच कमी असेल तर नुसत्या लिंबाने भागायचे नाही. दवाखान्यात जाऊन रक्त तपासावे.

घरी रस काढायचा कसा? मिक्सर नसला तरी अडत नाही. गाजर, बीट, आवळा किसणीवर किसावा. किस स्वच्छ फडक्यात घालून पिळावा. फडके आधी उकळून वाळवलेले हवे. परवा ज्याने भांडी पुसली ते नको. टोमॅटो चिरून, पुरणाच्या चाळणीवर दाबला तरी पुरे. हात साबणाने धुवावेत. फळ चिरण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवावे. द्राक्षावर फवारणी किती होते हे आपल्या बागायतदारांना मी काय सांगावे! धुतल्याने सगळे औषध जाते असे नाही, पण बरेच कमी होते. फवारणीनंतर ठरलेले दिवस गेल्याशिवाय बागेतला घड तोडून मुलाच्या हातात देऊ नये.

रसात पाणी घालायचे तर ते उकळून गार केलेले असावे. आडाचे पाणी तसेच घालू नये. बाहेरचे बर्फ तर नकोच. ते बर्फ कोणत्या पाण्याचे, कोणत्या पोत्यात गुंडाळून आणले, कोण सांगणार? कावीळ, विषमज्वर आणि हगवण याच वाटेने घरात येतात. रस चांगला असतो, पण त्यातले पाणी दगा देते.

आंबट रस तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. कल्हई उडालेली असेल तर आंबटाने भांडे कळकते आणि रस पिणाऱ्याला मळमळते, ओकारी होते. काचेचा किंवा स्टीलचा पेला घ्यावा. आपल्या वैशाखातल्या उन्हात रस लवकर आंबतो. वास बदलला, वर फेस धरला, की जीव न अडकवता ओतून द्यावा.

बीटचा रस प्याल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर भिऊ नये. तो बीटचा रंग असतो. आमच्या शेजारचा एक गडी या भीतीने तालुक्याला धावत गेला होता.

आता रसाची दुसरी बाजू. रस पिळून झाला की फडक्यात चोथा उरतो. तो आपण टाकतो, नाहीतर शेळीपुढे घालतो. शेळी शहाणी, ती खाते. त्या चोथ्यात धागे असतात. ते धागे पोट साफ ठेवतात, आणि फळातला गोडवा रक्तात हळूहळू सोडतात. चोथा गेला की उरते पाणी, थोडी जीवनसत्त्वे आणि साखर.

एक प्रयोग करा. तीन-चार मोसंबी घ्या. सोलून, फोड फोड करून खायला बसा. दोन खाल्ली की पोट 'पुरे' म्हणते. आता तितक्याच मोसंब्यांचा रस काढा. एक पेला भरतो, आणि तो चार घोटांत संपतो. पोटाला कळतही नाही की आपण चार मोसंबी खाल्ली.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपला जिल्हा १९४८ सालापर्यंत हैदराबाद संस्थानातच होता, तेव्हा हे शहर आपल्याला परके नाही. ही संस्था १९१८ साली दक्षिणेत कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ साली हैदराबादला आली. देशातल्या माणसांनी काय खावे, किती खावे, हे ती तपासून सांगते. २०२४ साली तिने सांगितले की रसापेक्षा अख्खे फळ बरे. उसाच्या रसाचेही सांगितले. शंभर मिलिलिटर रसात तेरा ते पंधरा ग्रॅम साखर असते. रसवंतीचा पेला दोनशे मिलिलिटरचा धरला, तर एका पेल्यात सहा-सात चमचे साखर झाली. चहात कोणी सहा चमचे साखर घातली तर आपण त्याला वेडा म्हणू. रानात राबणाऱ्या तरण्या गड्याने कधीमधी एक पेला प्याला तर बिघडत नाही. पण रोज, आणि बसून खाणाऱ्याने, नको.

आता आमच्या घरातली गोष्ट.

माझे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो. शाळा त्यांना मिळाली नाही. वडील गेल्यावर त्यांनी शेत सांभाळले म्हणून मी मॅट्रिकपर्यंत शिकलो. दादांना मधुमेह आहे. आपल्याकडे 'शुगर' म्हणतात तोच. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत. ते नेमाने घेत आणि ठीक होते.

एकदा आठवड्याच्या बाजारात एक माणूस कागद वाटत होता. दादा तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"वाच बरं, काय लिवलंय ते."

मी चष्मा लावला आणि वाचला. वर्गात धडा वाचावा तसा, खणखणीत आवाजात. कागदावर होते की कारले, गाजर, बीट आणि द्राक्ष यांचा रस तीन महिने घ्या, शुगर मुळासकट जाते, गोळ्या सोडा. दादांनी दोनदा वाचून घेतला. मग घडी करून खिशात ठेवला.

मी त्यांना 'हे खरे आहे' असे म्हणालो नाही. पण 'हे कोणी छापले, कशावरून म्हणतो' असेही म्हणालो नाही. मला दुसरे काम होते.

दादांनी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. वहिनी पहाटे उठून रस काढीत. मोठा पेला भरून. कारल्याचा कडूपणा मारायला द्राक्षे जास्त घालीत. चोथा फेकून देत. सुमारे दोन महिने असे चालले. दादांना तहान फार लागू लागली, रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागे. ते म्हणत, "रसानं शुगर लघवीवाटं बाहेर पडतीया." प्रत्यक्षात ती वाढत होती.

एके दिवशी त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव कमी होते. त्यांना काटा कळलाच नाही. वहिनींना पायतणात रक्त दिसले तेव्हा कळले. जखम भरेना, वास येऊ लागला. आम्ही त्यांना धाराशिवला दवाखान्यात नेले. रक्त तपासले तर साखर चारशेच्या वर. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण अंगठा काढावा लागला.

खाटेवर पडल्या पडल्या दादा मला म्हणाले, "छापलेलं हुतं. अन् तू वाचलंस. मला वाटलं, गुरुजीनं वाचलं म्हंजी खरंच आसंल."

मला उत्तर सुचले नाही. चाळीस वर्षे मी मुलांना वाचायला शिकवले.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी रागावून न बोलता समजावले. कारले खाण्यात वाईट नाही, भाजी खुशाल खावी. पण कारल्याचा रस गोळीची जागा घेत नाही. गोळीही चालू आणि वर कडू रसही भरपूर, असे केले तर उलट साखर एकदम खाली जाऊन घेरी येऊ शकते. म्हणून असे काही सुरू करायचे तर आधी त्यांना विचारायचे. आणि द्राक्ष-गाजराचा गाळलेला रस शुगरवाल्याने रोज पिणे म्हणजे औषध म्हणून साखर पिणे. त्या बोलता बोलता आणखी बरेच सांगून गेल्या. मी ते वहीत उतरवून घेतले. त्यातले तुमच्या कामाचे लिहितो.

ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे त्यांनी रस, शहाळ्याचे पाणी विचारल्याशिवाय घेऊ नये. निरोग्याला जे क्षार चांगले, ते त्यांच्या अंगात साठतात आणि हृदयाला धोका होतो. मुतखडा होणाऱ्याने पालक-बीटचा रस रोज पिऊ नये.

तान्ह्या बाळाला सहा महिने आईचे दूधच. रस नाही, मधाचे बोटही नाही. पुढे बाळ खायला लागले की पिकलेले केळे कुस्करून द्यावे, रस नको. बालरोगाच्या डॉक्टरांची देशभर एक संघटना आहे. तिने २०१९ साली सांगितले की दोन वर्षांच्या आत फळांचा रस देऊ नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला द्यायचाच तर दिवसाला अर्धा पेला, म्हणजे १२५ मिलिलिटर, त्याहून जास्त नको.

मुलाला हगवण लागली तर गोड रस देऊ नये, त्याने हगवण वाढते. जलसंजीवनी द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा. मिठाचे माप चुकवू नये. आणि दवाखान्यात न्यायला उशीर करू नये.

मग रस प्यावा कोणी? ज्याचे दात गेले आहेत आणि पेरू चावत नाही अशा म्हाताऱ्याने. आजारातून उठला आहे, तोंडाला चव नाही, घास उतरत नाही, अशाने. त्यांनाही वाटीभर, साखर न घालता, आणि जमेल तितका न गाळता. बाकी धडधाकट माणसाने जिभेला हवा म्हणून कधी घ्यावा. नाहीतर दातांना काम द्यावे.

एक गोष्ट राहिली, आणि ती जिवाशी आहे. दुधी भोपळ्याचा रस. हृदयाला चांगला म्हणून पुष्कळ लोक पितात. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ, चांगला शिकलेला माणूस, दुधीचा कडू रस पिऊन दगावला. मग सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती बसवली. दुधी, काकडी, दोडका या वेलींत कधी कधी एक कडू विष तयार होते. बाहेरून फळ चांगले दिसते. शिजवूनही ते विष जात नाही. त्यावर उतारा नाही. समितीने सांगितले की रस काढण्याआधी दुधीची लहान फोड चाखावी. कडू लागली तर तो दुधी वापरू नये. दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये, कारण गोडाखाली कडू लपते. प्याल्यावर मळमळ, ओकारी, पोटात कळ, हगवण झाली तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

आपल्याकडे 'कडू ते औषध' असे मानून नाक दाबून पिण्याची सवय आहे. कारले कडूच असते, त्याचा तो स्वभाव. दुधी कडू असू नये. हे दोन कडू वेगळे आहेत.

दादा आता काठी घेऊन चालतात. गोळ्या नेमाने घेतात. सकाळी अर्धा पेरू, फोडी करून, बियांसकट चावून खातात. वहिनी गाजराचा किस पिळीत नाहीत, तसाच थालीपिठात घालतात. दुधी चिरायला घेतला की पहिली फोड देठाकडची, दुसरी बुडाकडची, दोन्ही जिभेला लावून पाहतात आणि थुंकतात. मागच्या महिन्यात एक दुधी कडू निघाला. शेळीपुढेही टाकला नाही. खड्डा करून पुरला.